कर्ज काढून फ्रान्स? दहावीनंतर जा, स्वतःच्या पैशाने

प्रश्न : आम्ही नाशिकचे, दोघंही नोकरी करतो. मुलगी नववीत, मुलगा नऊ वर्षांचा. येत्या मेमध्ये फ्रान्सच्या ग्रामीण भागातली जुनी गावं बघायची आहेत. टूर कंपनीने पॅरिस, लुआर, दोर्दोन्य, कार्कासोन आणि प्रोव्हान्स अशा दहा दिवसांचे ९ लाख सांगितलेत. ६ लाखांची एफडी मोडून ३ लाख पर्सनल लोन घ्यावं का? हप्त्यासह घरखर्च ९० हजार, एसआयपी वगळून महिन्याला २५ हजार उरतात. मुलीच्या शिक्षणाचा ११ लाखांचा फंड वेगळा आहे. आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : जरूर जा. पण या मेमध्ये नको, आणि कर्ज काढून तर नकोच.

३ लाख १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १०,१०० रुपये आणि व्याज ६४ हजारांच्या आसपास. तेही परवडलं असतं. मला खरी भीती एफडीची वाटते. अडीअडचणीला तुमच्याकडे तेवढीच रक्कम आहे. ती शून्यावर आणून, वर नवा हप्ता लावून घेतलात आणि दोघांपैकी एकाची नोकरी अडखळली, तर पहिला घाव मुलीच्या फंडावर पडेल. दहावी झाली की क्लासची फी दारात उभी असते. त्या फंडाला आत्ता कोणीही हात लावू नये.

दहावीची परीक्षा संपल्यानंतरचा मे अठरा महिन्यांवर आहे. २५ हजारांची आरडी आजच सुरू करा, साडेचार लाख जमतील. एफडीतले साडेचार लाख, म्हणजे पाच महिन्यांचा खर्च, राखून वरचे दीड लाख घ्या. बोनसमधून ५० हजार टाका. व्याज सोडूनही साडेसहा लाख झाले.

एवढ्यात सहल बसते, पण तिचा आराखडा बदलावा लागेल. दहा दिवसांत पाच प्रदेश म्हणजे निम्मा वेळ बसमध्ये आणि रोज बॅगा भरणं. त्यापेक्षा पॅरिसला तीन रात्री राहा, रेल्वेने बोर्दोला जा, तिथून भाड्याची गाडी घ्या, आणि दोर्दोन्यमधल्या सार्ला गावाजवळ आठवडाभर एकच घर घ्या. अशा घराला तिथे ‘जीत’ म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच शाळांना सुट्टी असल्याने भाडी चढतात, मेमध्ये ती बरीच खाली असतात. स्वयंपाकघर मिळणं तुमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. हा बदक आणि फ्वा ग्राचा (बदक-हंसाच्या यकृताचा पदार्थ) मुलूख, हॉटेलात शाकाहारी माणसाचं पोट भरणं कठीण. सार्लाच्या बुधवार-शनिवारच्या बाजारात मेमध्ये स्ट्रॉबेरी येतात, अक्रोड आणि चीज तर आहेच. कुकर मात्र घरून न्या.

या एका मुक्कामावरून बेनाक आणि कास्तेलनो हे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे असलेले किल्ले होतात. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांकडे, तर कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे होता. आपल्या गडकोटांवर वाढलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागणार नाही. १२८१ साली वसवलेलं डोम हे गाव, लास्कोच्या गुहाचित्रांची प्रतिकृती हेही तिथून जवळ. लुआर, कार्कासोन आणि प्रोव्हान्स या खेपेला सोडा.

माझा अंदाज सांगतो. युरो ११० रुपये धरलाय. विमान २ लाख ६० हजार. व्हिसा साधारण ३५ हजार, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. घर, पॅरिसचं हॉटेल, रेल्वे आणि गाडी मिळून सव्वादोन लाखांच्या आत. खाणं आणि तिकिटं एक लाख. पॅरिसमधल्या लूव्रसह राष्ट्रीय संग्रहालयांत अठराच्या आतल्यांना प्रवेश मोफत असतो, खासगी किल्ल्यांना मात्र पैसे पडतात.

गाडीची अनामत बहुतेक ठिकाणी चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवतात, फॉरेक्स कार्ड चालेलच असं नाही. तेव्हा कार्डाची मर्यादा आधी बघा, आणि आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढा. बाकी खर्चासाठी युरो एकदम न घेता तीन-चार वेळा घ्या.

व्हिसासाठी बँकेचे उतारे लागतात. त्यात खात्यावर हळूहळू साठलेली रक्कम चांगली दिसते, अचानक आलेलं कर्ज प्रश्न उभे करतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो फेब्रुवारीत टाका. तत्पूर्वी मुलाचा पासपोर्ट तपासा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि शेंगेन देशांतून (फ्रान्ससह एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) परतल्यावरही त्याची तीन महिने मुदत उरलेली असावी लागते.