कोकोच्या पानासाठी बारा आठवडे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. घानातल्या ताफोच्या कोको संशोधन संस्थेतली फेलो बारा आठवड्यांसाठी तुमच्या प्रयोगशाळेत येते आहे आणि तिचं सगळं तुझ्याकडे सोपवलंय, हे कळलं. ती ज्या बोरलॉग फेलोशिपवर येते, ती अमेरिकी कृषी खात्याने २००४ साली सुरू केली. आधी फेलो इथे अमेरिकेत येते, मग काही महिन्यांनी इथला मार्गदर्शक तिच्या संस्थेत जातो. हा दुसरा टप्पा अनेकांना सहल वाटते. तू मात्र आखणी तिथूनच उलटी कर: ताफोच्या टेबलावर, ताफोच्या विजेवर जे चालणार नाही, ते इथे शिकवू नकोस.

बारा आठवडे म्हणजे कामाचे साठ दिवस. त्यातले आठ-दहा ओळखपत्र, सुरक्षा प्रशिक्षण आणि बँकेत जातात. म्हणून प्रश्न एकच घ्या. तिचा विषय स्वोलन शूट, म्हणजे कोकोचे कोंब सुजवणारा विषाणू आहे, तर 'या झाडात विषाणू आहे की नाही' एवढंच खात्रीने सांगता येणं पुरे. हा रोग घानात १९३६ साली नोंदला गेला. ताफोचं केंद्र १९३८ सालचं. रोगावर औषध नाही. बाधित झाड आणि त्याला लागून असलेली झाडं तोडतात. नवं रोप फळायला तीनेक वर्षं घेतं. तेव्हा चुकीच्या 'पॉझिटिव्ह'ची किंमत शेतकरी भरतो, हे जेलवरची पट्टी, म्हणजे चाचणीत डीएनए सापडल्याची खूण, वाचताना लक्षात असू दे.

नमुन्यांचं तिला आत्ताच कळव. पान कोवळ्या पालवीचं हवं. रोगाची खूण असलेला शिरांलगतचा लाल पट्टा पान जून झालं की बहुधा दिसेनासा होतो. विषाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून एका झाडाच्या तीन-चार फांद्यांवरून पानं घ्यायची. पुसून, तुकडे करून, पानांच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) ठेवायची आणि जेलचा रंग बदलला की ते बदलायचं. ही पानं इथे आणण्याच्या परवान्याचा अर्ज निदान तीन-चार महिने आधी टाका. तिने डीएनए तिकडेच काढून आणला तर ओझं कमी होतं, पण त्यालाही परवाना लागतो का, हे लेखी विचारून घे.

खरी झटापट पानातून डीएनएचा अर्क काढताना होते. कोकोचं पान चिकट आणि पॉलिफिनॉल या तुरट द्रव्यांनी भरलेलं असतं. अर्क तपकिरी झाला की पीसीआर (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) गप्प बसतं आणि ते गप्प बसणं 'निगेटिव्ह' म्हणून वहीत जातं. पेशी फोडायला २ टक्के सीटॅब, त्यात पॉलिफिनॉल धरून ठेवायला २ टक्के पीव्हीपी, आणि अर्क तपकिरी होऊ नये म्हणून मर्कॅप्टोइथेनॉल ऐनवेळी, फ्यूम हुडखाली. ओलं पान १०० मिलिग्रॅमच. सुकलेलं असेल तर २० पुरे. जास्त घेतलं की चिकटपणाच वाढतो. ६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्मची धुलाई दोनदा. प्रत्येक अर्क मूळ, १० पट आणि १०० पट विरल करून चालवा. विरल केल्यावरच पट्टी उमटली, तर अडथळा होता असं समजा. झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची पीसीआर सोबत हवीच. ती उमटली नाही तर त्या नमुन्याबद्दल काहीच बोलायचं नाही.

आणखी एक खोच आहे. हा विषाणू बॅडनाव्हायरस गटातला, आणि या गटाचे तुकडे काही कोको झाडांच्या जनुकसंचातच शिरून बसलेले सापडलेत. सर्वसाधारण प्रायमर (पीसीआरला कुठला तुकडा शोधायचा ते सांगणारा डीएनएचा छोटा धागा) निरोगी झाडातही पट्टी दाखवू शकतो. शिवाय विषाणूचे प्रकार इतके, की एकच प्रायमर जोडी काहींना चुकवते. म्हणून त्याच वाणाचं खात्रीचं निरोगी झाड तुलनेला ठेवा, निदान दोन जोड्या वापरा, आणि शंकेच्या पट्ट्यांचं सिक्वेन्सिंग करा, म्हणजे त्यांचा डीएनए अक्षरशः वाचून घ्या. लक्षणं नसलेलं झाडही बाधित असू शकतं. पिठ्या ढेकूण विषाणू शेजारी नेतात आणि मुंग्या त्या ढेकणांना सांभाळतात. एका नकारावर कुणाची बाग निरोगी ठरवू नका.

महागडं यंत्र दाखव, पण त्यावर आठवडा घालवू नकोस. रसायनं कुठल्या तापमानाला टिकतात, वीज गेल्यावर फ्रीझर किती तास थंड राहतो, क्लोरोफॉर्मचा कचरा तिथे कोण नेतो, हे तिलाच विचार आणि वहीत लिहून घे. उणे २० अंश जिथे भरवशाचे नाहीत, तिथे सुकवलेलं पीसीआर मिश्रण महाग असलं तरी परवडतं. शेवटच्या दोन आठवड्यांत तिला एकटीने वीस नमुने चालवू दे, त्यात दोन नमुने तू गुपचूप दुहेरी ठेव. दुहेरी नमुन्यांची उत्तरं सारखी आली नाहीत तर नवीन काही सुरू करू नका.

परतभेटीची तारीख पावसाळ्यात धर, पालवी तेव्हा असते. ऑक्टोबरपासून मुख्य सुगी, मग शेतकऱ्याला बोलायला वेळ नसतो. आणि तिला ताई-माई करत बसू नकोस. बागेत उभं राहिल्यावर कोकोचं तुझ्यापेक्षा तिलाच जास्त कळतं.

परवान्याचा अर्ज भरलास की एक प्रत मला पाठव.