इको झालाय, मग सीआरटी बसवण्याआधी हृदयाचा एमआरआय कशाला?

तुमच्या वडिलांचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ३० टक्के, ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याला विजेचा संदेश उशिरा पोचणं), सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजूंना ठोका देणारा पेसमेकर) बसवायचं ठरलेलं. आता एमआरआय सांगितल्यावर तुम्हाला तो उगाच वाटतोय. मी डॉक्टर नाही. हृदयाच्या स्कॅनवर मोजमापं घेणं हे माझं संशोधनातलं रोजचं काम. तेवढ्या अधिकारात सांगतो, उगाच नाहीये.

या ब्लॉकमध्ये डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत मधल्या पडद्यापेक्षा उशिरा आवळते. एक बाजू जोर लावते तेव्हा दुसरी सैल, त्यामुळे बरीचशी ताकद वाया जाते. सीआरटी दोन्हीकडून जवळपास एकदमच ठोका देतं. त्यासाठी एक तार कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेमधून डाव्या कप्प्याच्या बाहेरून जाणाऱ्या शिरेत सरकवतात. ती टेकते तिथला स्नायू जिवंत हवा, खरी मेख तिथे आहे.

भिंत हलत नाही हे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं. ती मेलीय की नुसती मंदावलीय, हे साध्या इकोवरून ठामपणे सांगणं अवघड. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध टोचून दहाएक मिनिटांनी प्रतिमा घेतात. निरोगी स्नायू काळा, व्रण पांढरा. परवा अशाच एका स्कॅनवर कडा आखत होतो. बाहेरच्या भिंतीत, तार सहसा जाते नेमकी तिथेच, आरपार पांढरा पट्टा. दोन स्लाइस (आडवे छेद) वर गेलो तर स्वच्छ काळा स्नायू. दोनेक सेंटिमीटरचा फरक!

इकोला कमी लेखत नाही हं. २०१२ च्या टार्गेट चाचणीत स्पेकल ट्रॅकिंग इकोने (भिंतीची हालचाल ठिपक्यांवरून मोजणारा इको) जागा ठरवून तार बसवली, तेव्हा ७० टक्के रुग्णांच्या हृदयाचा फुगलेला डावा कप्पा ठरवलेल्या प्रमाणात लहान झाला, म्हणजे सुधारला. नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्के. म्हणजे जागा नेमकी साधूनही सगळ्यांना गुण येत नाही. शिवाय हव्या त्या जागी शीरच नसली, तर स्कॅन काय करणार?

यंत्र बसल्यावर एमआरआय काढता येतो, पण त्या धातूमुळे प्रतिमेचा बराच भाग खराब होतो. म्हणून तो आधीच उरकलेला बरा. जाण्याआधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चाललीय त्याचा) रिपोर्ट दाखवा, आणि वडिलांकडून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा सराव करून घ्या. बरीच स्कॅन्स तिथेच बिघडतात असं मला वाटतं. रिपोर्ट आला की डॉक्टरांना एवढंच विचारा: व्रण कुठल्या भिंतीत आहे, आणि तार कुठे जाणार?