मे महिन्यात एका दिवसात सायकलवरून पुणं बघायचं आहे, कुठून सुरुवात करू?

तुम्ही लिहिलंय की मेमध्ये एकच दिवस पुण्यात आहात, मामेभावाची बिनगिअरची सायकल मिळणार आहे आणि ऊन झेपेल का याची धास्ती वाटते. झेपेल. मात्र ठिकाणांची यादी करून रस्ता आखू नका, उतार बघून आखा. मी या पेठांमधून वीसेक वर्षं सायकल चालवतोय, आणि उन्हाळ्यात मला दुसऱ्या कशाचाही इतका उपयोग झालेला नाही.

जुनं पुणं दक्षिणेकडून मुठेकडे हळूहळू उतरत जातं. पेशवाईत नानासाहेबांनी याच उतारावर भरवसा ठेवून कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात आणलं. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपसूक वाहत शनिवारवाड्यापर्यंत यायचं आणि वाटेत पेठांमधले हौद भरायचे. नळातली हवा बाहेर पडावी म्हणून मधूनमधून उंच बांधकामं केली होती, त्यांना उच्छ्वास म्हणतात. पुण्यात फडके हौद, साततोटी अशी नावं आजही पत्त्यात लिहिली जातात, तेव्हा मला त्या पाण्याचीच आठवण होते. तर तुम्हीही पाण्यासारखं जा. वरून सुरू करा आणि नदीकडे उतरा.

पावणेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी पोचा. मेमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं आणि तेव्हा हवा चांगली गार असते. सायकलला कुलूप घालून १०३ पायऱ्या चढा. देवदेवेश्वराचं देऊळ १७४९ चं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ मध्ये इथेच वारले. वरून उत्तरेकडे बघा, आज तुम्हाला जायचंय तो सगळा उतार एका नजरेत दिसतो.

खाली उतरलात की सारसबाग. तळ्यातला गणपती म्हणतात तो इथलाच, कारण बागेच्या जागी पूर्वी खरंच तळं होतं. मग बाजीराव रस्ता धरा. तो एकेरी आहे आणि सुदैवाने तुमच्याच दिशेने जातो. सातच्या आत मंडईत पोचलात तर गाडे लागताना दिसतील, आंब्याच्या पेट्या उघडल्या जात असतील. मंडईची दगडी इमारत १८८६ ची आहे. पुढे दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाड्याची जागा लागते. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा आता उभा नाही, तरी तिथे दोन मिनिटं थांबा. मी दर वेळी थांबतो. आज शाळेत जाणारी प्रत्येक मुलगी त्या खोल्यांचं काहीतरी देणं लागते असं मला वाटतं.

शनिवारवाडा बाहेरूनही पुरेसा भव्य आहे, पण जमलं तर आत जाऊन हजारी कारंजं बघा. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, जोती आणि कारंजं राहिलं. कात्रजहून निघालेलं पाणी इथे उसळायचं. पर्वतीपासून इथवर अंतर जेमतेम चार किलोमीटर, आणि पॅडल फारसं मारावं लागत नाही.

नाश्ता कसब्यात करा. पोहे किंवा इडली घ्या. मिसळ संध्याकाळसाठी ठेवा, तर्री पोटात घेऊन उन्हात सायकल चालवली की जीव कासावीस होतो.

दहाच्या सुमारास नदी ओलांडून जंगली महाराज रस्त्याला लागा आणि पाताळेश्वरला या. दिवसभरात एकाच जागी रेंगाळायचं असेल तर ती ही. आठव्या शतकातलं, एकाच कातळात खोदलेलं, अर्धवट राहिलेलं लेणं. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे, तोही कातळातलाच. रस्त्यावर हॉर्न वाजत असतात आणि पाच पायऱ्या उतरलं की आवाज मागे राहतो. आतल्या खांबाला पाठ टेकून बसा, दगडाचा गारवा सदऱ्यातून आत येतो. माझी आई उन्हाळ्यात शहाबादी फरशीवर चटईसुद्धा न घालता झोपायची. ती असं का करायची, ते मला इथे बसल्यावर कळलं.

साडेअकरा ते चार सायकल चालवू नका. यावर तडजोड नको. पारा ३८–४० पर्यंत जातो आणि डांबर खालून भाजतं. एका एप्रिलमध्ये मी हट्टाने दीड वाजता लकडी पुलावरून निघालो आणि डेक्कनला पोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. एका रसवंतीवाल्याने मला बाकड्यावर आडवं केलं, मानेवर ओला फडका ठेवला आणि रसाच्या आधी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दोन बाटल्या, चिमूटभर मीठ आणि एक सुती पंचा माझ्यासोबत असतोच. पंचा भिजवून गळ्याभोवती गुंडाळा.

सायकलही सावलीतच लावा. टायर टणक फुगवून उन्हात उभी केली तर आतली हवा तापून ट्यूब फुटते. माझी पर्वतीखाली फुटली होती, आवाजाने कबुतरं उडाली. थोडी कमी हवा चालेल.

चारनंतर वर निघा आणि गणेशखिंडीकडून विद्यापीठात शिरा. इथे चढ आहे, हळू घ्या, उतरून ढकललीत तरी हरकत नाही. विद्यापीठ १९४९ चं, पण मुख्य इमारत त्याआधीची, गव्हर्नरच्या निवासाची. झाडं मोठी आहेत. मेमध्ये गुलमोहर, बहावा, ताम्हण असे तिन्ही फुललेले सापडतात. संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो, घामेजलेल्या पाठीला तो फार बरा वाटतो.

आगाखान पॅलेस या दिवसात कोंबू नका. कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या समाध्या तिथे आहेत, आणि नगर रस्त्याच्या गर्दीतून धापा टाकत जाऊन पाच मिनिटांत परतावं अशी ती जागा नाही. पुढच्या खेपेला सकाळ काढून जा.

आणि दुपारी ढग काळे होऊन एकदम गार वारा आला तर वळीव येतोय असं समजा. कितीही मोह झाला तरी जुन्या झाडाखाली थांबू नका, फांद्या कोसळतात. एखाद्या दुकानाच्या पडवीत उभे राहा. अर्ध्या तासात ओसरतो, आणि मग ओल्या मातीच्या वासात सायकल चालवायला मिळते.