डाळिंबासाठी मंगळवेढ्याची काळी जमीन घ्यावी की सांगोल्याचा मुरमाड माळ?

आपण विचारले आहे की मंगळवेढा तालुक्यात चार एकर काळी जमीन आणि त्याच पैशात सांगोल्याकडे सहा एकर मुरमाड माळ मिळत आहे, डाळिंब लावायचे आहे, तर कोणती घ्यावी. डाळिंबच लावायचे असेल तर माळ घ्यावा. एवढ्यावर थांबलो असतो, परंतु काळ्या जमिनीचा माती परीक्षण अहवाल 'उत्तम' आल्याचे आपण लिहिले आहे आणि तसाच एक उत्तम अहवाल आमच्या घरात अजून जपून ठेवलेला आहे.

मी शिक्षकी पेशातून निवृत्त होऊन 2016 साली गावी परतलो, त्याच सुमारास थोरल्या बंधूंनी ज्वारीच्या दोन एकर रानात डाळिंब लावायचे ठरवले. मातीचा नमुना मी घेतला, आणि अगदी नियमाप्रमाणे घेतला. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून, नागमोडी चालत दहा ठिकाणी नऊ इंच खोल खड्डे घेतले, माती घमेल्यात मिसळली आणि समोरासमोरचे दोन भाग टाकत अर्ध्या किलोवर आणली. सामू (pH) 8.1, क्षारता बेताची, पालाश (पोटॅश) भरपूर आणि सेंद्रिय कर्ब कमी, असा अहवाल आला. आमच्या भागात कर्ब बहुतेकांचा कमीच येतो, म्हणून त्याचे कोणाला काही वाटले नाही. दादांनी 'भगवा' या डाळिंबाच्या वाणाची सहाशे रोपे चौदा बाय दहा फुटांवर लावली.

दोन वर्षे बाग दृष्ट लागण्यासारखी होती. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडची पाने पिवळी पडली, केवळ शिरा हिरव्या राहिल्या. दुकानदाराने लोह आणि जस्त फवारायला दिले, त्याने पंधरा दिवस बरे दिसे आणि पुन्हा तेच. पुढे 14 ऑक्टोबर 2020 चा तो पाऊस झाला, जो सोलापूर जिल्ह्यात अजून कोणी विसरलेले नाही. आमच्या रानाला तीन आठवडे वाफसा आला नाही, म्हणजे पाणी निचरून मातीत हवा खेळली नाही, आणि दिवाळीच्या सुमारास झाडे ओळीने वाळू लागली.

त्यांतले एक झाड आम्ही मुळासकट काढले आणि तोच खड्डा पहारीने तीन फूट खोल नेला. वरचा दीड फूट काळाभोर आणि मोकळा होता. त्याखाली माती साबणासारखी चिकट आणि ओली, पहारीला लोंबणारी लागली, आणि अडीच फुटांवर हरभऱ्याएवढे पांढरे खडे असलेला थर निघाला. मी न्हाणीघर साफ करण्याच्या आम्लाचे चार थेंब त्यावर टाकताच तो सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला, म्हणजे सगळी चुनखडी. झाडाच्या मुळ्या दीड फुटावर काटकोनात वळून आडव्या पसरल्या होत्या आणि त्यांची साल बोटाने सोलून येत होती. एका बाजूला पाणी उतरू न देणारी चिकण माती आणि दुसऱ्या बाजूला लोह असूनही ते मुळांना मिळू न देणारा चुना, यांच्या मध्ये डाळिंब अडकले होते. नऊ इंचांच्या नमुन्यात यातले काहीही दिसणे शक्य नव्हते.

दादा आजही चारचौघांत म्हणतात, "मास्तरांच्या अहवालावर बाग लावली होती." यावर माझे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच आहे. अहवाल खोटा नव्हता, तो हंगामी पिकासाठीच्या नमुन्याचा होता आणि त्यावर फळबाग लावण्याचा निर्णय त्यांचा होता. फळझाडासाठी तीन फुटांपर्यंत प्रत्येक फुटाचा नमुना वेगळा द्यावा लागतो. शिवाय जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात आणि त्यांत मुक्त चुना नाही, तो वेगळा सांगून तपासून घ्यावा लागतो. आपल्या उत्तम अहवालात चुन्याचा रकाना आहे का, ते आधी पाहावे.

याचा अर्थ काळी जमीन वाईट, असा मुळीच नाही. त्याच दोन एकरांत आता पुन्हा मालदांडी ज्वारी डोलते. मालदांडी 35-1 हा वाणच आपल्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेला आहे. पावसाळ्यात भरून घेतलेल्या ओलीवर, एकही पाणी न देता ज्वारी येते ती या चिकणपणामुळेच, आणि 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागेही हेच रान आहे. त्याच वर्षी सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन मिळाले, परंतु त्या डाळिंबाची ओळख सांगोल्याच्या माळाने घडवली. मुरूम पाणी धरत नाही, म्हणूनच तेथे मुळ्या कुजत नाहीत, आणि जे पाणी लागते ते ठिबकाने थोडे थोडे देता येते. रंग पाहून जमिनीची किंमत ठरवणाऱ्यांत आमचे दादा एकटे नाहीत, एवढे मात्र मान्य करतो.

तेव्हा विसार देण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी, जेथे मातीचा रंग किंवा उतार बदलतो तेथे, एकेक तीन फुटी खड्डा घ्यावा. माळावर मुरूम पहारीने फुटतो की फुटापाशीच कातळ लागतो, हे पाहावे. कातळ लागला तर तो माळही उपयोगाचा नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही तपासून घ्यावे, कारण खारे पाणी माळाचीही माती बिघडवते.

दादांची बाजूही सांगायला हवी. त्यांच्या मते बाग मर रोगाने, म्हणजे झाड वाळवणाऱ्या बुरशीने, गेली. त्या बुरशीची तपासणी आम्ही केली नव्हती, त्यामुळे तीही असू शकेल. तेल्या (फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग) आणि मर यांनी सांगोल्यातल्या माळावरच्या बागाही काढायला लावल्या आहेत, तेव्हा रोपे कोठून आणता याकडे जमिनीइतकेच लक्ष द्यावे. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, खड्ड्यातली तिन्ही थरांची माती घेऊन तेथे एकदा जाऊन यावे. आम्ही गेलो ते बाग वाळल्यानंतर.