टेबलाचे पैसे कोण देणार?

प्रिय दोस्ता,

स्नूकर-बिलियर्ड्सच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दाखवायच्या तुझ्या बेताचा हिशेबाचा कागद वाचला. दोन कॅमेरे, लॅपटॉप, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवर आणणारं कॅप्चर कार्ड, माइक, स्टँड. सगळ्याच्या किमती दुकानात जाऊन विचारलेल्या दिसतात. खाली ‘उत्पन्न’ या शब्दापुढे नुसतं ‘यूट्यूब’ लिहिलंयस आणि रकमेची जागा कोरी. खोटा आकडा टाकण्यापेक्षा कोरी बरी.

पार्लरमधला नियम तुला ठाऊक आहे, जो हरेल तो टेबलाचे पैसे देतो. खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं की शेवटी काउंटरवर दोघांपैकी एकाला खिशात हात घालावा लागणार. तुझ्या कागदावर तो माणूसच मला सापडला नाही. आणि असा माणूस नसला की पैसे स्ट्रीम करणाऱ्याच्या खिशातून जातात. मी दोन वर्षं घातले, म्हणून सांगतो.

यूट्यूबचंच आधी बघू. जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. आपल्या खेळात तासांची अट सोपी आहे. सरासरी चाळीस माणसं आठ तास बसली तर एका दिवसाचे ३२० तास होतात, म्हणजे तेरा दिवसांत काम झालं. मात्र रेकॉर्डिंग सार्वजनिक राहू दे, काढून टाकलंस तर तेही तास गेले. अडतं ते सबस्क्रायबरपाशी, कारण ती चाळीस माणसं रोज तीच असतात. खेळाडूचा भाऊ, कोच, हरलेला प्रतिस्पर्धी आणि गल्फमध्ये नोकरी करणारा एखादा जुना मेंबर, ज्याला रात्री झोप येत नाही. जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के तुझे, सुपर चॅटमधले, म्हणजे बघणारे पैसे भरून संदेश टाकतात त्यातले, ७० टक्के. चाळीस माणसांवर ५५ टक्के काय आणि शंभर टक्के काय, चहाचं बिल निघेल.

मग हा खेळ टीव्हीवर चालला कसा, असं तू विचारशील. १९६९ साली बीबीसी टूला रंगीत टीव्हीची गंमत दाखवायची होती, म्हणून त्यांनी ‘पॉट ब्लॅक’ हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला. रंगीत चेंडू, हिरवं कापड, आणि अख्खं मैदान एका खोलीत मावणारं. क्रिकेटसारखी कॅमेऱ्यांची फौज लागत नाही. १९८५च्या विश्वस्पर्धेची डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांची फायनल मध्यरात्र उलटून गेल्यावरही ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक बघत होते. कमी खर्चात दिसणारा खेळ हेच त्याचं बळ होतं, आजही तेच आहे. फक्त तेव्हा बघणाऱ्याला दुसरं चॅनेल मोजकंच होतं. आता त्याच्या हातातल्या मोबाइलवर अख्खं जग आहे, आणि आपला बिलियर्ड्सवाला पंधरा मिनिटं एकाच कोपऱ्यात तीन चेंडू कुरवाळत बसलेला असतो. मला तो आवडतो. नवख्याला वाटतं व्हिडिओ अडकला.

अमेरिकेत पॅट फ्लेमिंग या पूल खेळाडूने (पूल म्हणजे टेबलावरचाच, आपल्या खेळाचा भाऊ) अ‍ॅक्यू-स्टॅट्स ही कंपनी काढली. आधी सामन्यांच्या टेप विकल्या, पुढे पैसे भरून बघायचं थेट प्रक्षेपण. सोबत खेळाडू किती अचूक खेळला याचा स्वतःचा आकडाही ते देत. तिथे तसे पैसे देणारा शौकीन आहे, कारण तो सामना त्याला दुसरीकडे मिळत नाही. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीला पन्नास रुपयांचं तिकीट लावून बघ. खेळाडूचा भाऊसुद्धा लिंक मित्राकडून मागून घेईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तुझं गिऱ्हाईक स्क्रीनच्या पलीकडे शोधू नकोस, ते टेबलाच्या आसपास उभं आहे. स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला पुढच्या वर्षी प्रायोजक गाठायचा असतो, त्याला दाखवायला काहीतरी हवं. टेबलाचं कापड आणि क्यू, म्हणजे खेळायची काठी, विकणाऱ्याला बरोबर तीच चाळीस माणसं हवी असतात जी गिऱ्हाईक आहेत, चाळीस हजार नकोत. कोचला आपल्या पोराच्या चुका थांबवून थांबवून बघायच्या असतात. दिवसाचा ठरीव दर सांग, निम्मे पैसे आधी घे आणि बाकीचे फायनलच्या आधी. फायनलनंतर बक्षीस वाटप असतं, त्यानंतर कोणी फोन उचलत नाही.

हे मी कसं शिकलो ते ऐक. एका क्लबची पाच दिवसांची स्पर्धा मी तोंडी बोलण्यावर घेतली. चौथ्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, “तुमच्या चॅनेलला प्रसिद्धी मिळाली की.” वर रेकॉर्डिंग कोणाचं यावरून वाद झाला, आणि त्यांनी माझ्याकडून फाइल घेऊन स्वतःच्या पानावर टाकली. कागदावर एक ओळ असती तर हे झालं नसतं. थेट प्रक्षेपणाचा हक्क कोणाचा, रेकॉर्डिंग कोणाचं, खेळाडूंची संमती कोणी घ्यायची, या तीन गोष्टी लिहून घे. आणि हॉलमधली गाणी बंद करायला लाव. मागे वाजणाऱ्या एका गाण्यामुळे अख्ख्या सेमीफायनलच्या व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येतो आणि जाहिरातीचे पैसे गाणंवाल्याकडे जातात.

खर्च कुठे वाचतो ते सांगतो. टेबल हलत नाही, कॅमेरा हलत नाही, कापड एकाच रंगाचं. अशा चित्राला डेटा कमी लागतो. ६ एमबीपीएसने तासाला साधारण २.७ जीबी जातात, पण निम्म्यात चित्र पुरेसं स्वच्छ येतं. क्लबच्या वाय-फायवर विसंबू नकोस, संध्याकाळी मेंबर मंडळी आली की तो बसतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेव. थेट प्रक्षेपणाचं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरवर दमडी घालवू नकोस. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदाला बांध, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० ठेवलास तर काही दिव्यांखाली कापडावर पट्टे सरकताना दिसतात. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड आणि रंग, हाताने पक्के कर. नाहीतर पांढऱ्या शर्टातला खेळाडू वाकला की चित्र काळवंडतं, आणि तपकिरी कुठला नि लाल कुठला तेच कळत नाही. जाहिरात आपोआप येऊ देऊ नकोस. मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा क्लबचा माणूस, चेंडू जागेवर मांडत असतो ती वेळ जाहिरातीची. कोणी सलग ऐंशी गुण काढून खेळत असताना जाहिरात आली तर तो बघणारा परत येत नाही, आणि आपल्याकडे जाऊ देण्याइतके बघणारे नाहीत.

दुसरा कॅमेरा आत्ता नको. त्या पैशात चांगला माइक आणि स्कोअर अचूक मांडणारा एक मुलगा घे. धूसर चित्र माणूस सहन करतो, चुकलेला स्कोअर नाही.

पैसे लावून खेळायचं एखादं अ‍ॅप प्रायोजक म्हणून येईल आणि क्लबच्या तिप्पट रक्कम सांगेल. २०२५च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातीलाही बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी रिकाम्या हॉलमधला, कोणी न बघितलेला सामना हीच सट्टेबाजाची आवडती जागा असते. २०२३ मध्ये मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणात दहा चिनी स्नूकरपटूंवर बंदी आली, त्यातल्या दोघांवर आजन्म. तुझ्या चॅटमध्ये कोणी सट्ट्याचा भाव विचारू लागला तर त्याला तिथल्या तिथे काढ.

राहता राहिलं रेकॉर्डिंग. १९९६ साली हाँगकाँगमध्ये एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलंड हे पूलचे खेळाडू तीन दिवस खेळले, एक लाख डॉलरच्या बक्षिसासाठी, १२० रॅकपर्यंत, म्हणजे डावांपर्यंत. रेयेस १२०-११७ने जिंकला. लोक तो सामना अजून शोधून बघतात. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, पण त्यांचा हात कसा चालायचा हे मी फक्त म्हाताऱ्या मेंबरांच्या तोंडून ऐकलं. तेव्हा प्रत्येक फाइलला तारीख, फेरी आणि दोन्ही नावं नीट घाल. ज्युनिअर गटात आज खेळणारं पोर उद्या राष्ट्रीय विजेतं झालं, तर हाच जुना व्हिडिओ चालेल आणि कोण मागायला येईल सांगता येत नाही. मात्र या आशेवर कर्ज काढू नकोस. नोकरी सध्या ठेव, शनिवार-रविवार कर.

या रविवारी ज्युनिअरच्या मॅचेस आहेत, दोन नंबरच्या टेबलावर. तिथला डावीकडचा दिवा लुकलुकतो, शनिवारीच मार्करला सांगून बदलून घे. आणि येताना माझा ट्रायपॉड आण, गणपतीपासून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
काका