बुटक्या ज्वालामुखीची उंची मोजायची कुठून?

प्रश्न : जगातला सर्वांत लहान ज्वालामुखी म्हणून एका पुस्तकात मेक्सिकोचा क्वेस्कोमाते दिला आहे, तर दुसऱ्यात फिलिपिन्सचा ताल. स्पर्धा परीक्षेत काय लिहावे?

प्रश्नात ‘सक्रिय’ हा शब्द असेल तर ताल लिहा. परीक्षकांना तेच अपेक्षित असते. शास्त्राच्या कसोटीवर मात्र दोन्ही उत्तरे लंगडी आहेत.

क्वेस्कोमाते पुएब्ला शहरातल्या वस्तीत उभा आहे. उंची १३ मीटर, तळाचा व्यास २३ मीटर. माथ्यावरच्या तोंडातून गोल जिन्याने आत उतरता येते. नावाचे मूळ नाहुआत्ल भाषेत आहे. त्याचा अर्थ धान्य साठवायची कणगी, आणि तो दिसतोही तसाच. पण यातून लाव्हा कधी आलाच नाही. हा थंडावलेला गायझर आहे : उकळते पाणी वर येत राहिले, त्यातले क्षार तोंडाभोवती थरावर थर बसत गेले आणि त्यांचा शंकू झाला.

ताल खरा ज्वालामुखी आहे, पण त्याला लहान म्हणणे धोक्याचे. ३११ मीटर ही उंची सरोवरातल्या बेटाची. ते सरोवर ज्या खचलेल्या महाविवरात आहे, ते सुमारे १५ बाय २० किलोमीटरचे. ताल म्हणजे हे सगळे मिळून. शिवाय शिलारसाला, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाला, पाणी भेटले की पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. १९११ मध्ये इथे १,३०० हून अधिक माणसे गेली. जानेवारी २०२० मध्ये राखेमुळे मनिलाचा विमानतळ बंद ठेवावा लागला.

आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटाचीही तीच गत. नकाशात ३५४ मीटर; समुद्रतळापासून मोजले तर दोन किलोमीटरच्या वर.

प्रश्न : मग खरोखर लाव्ह्यानेच बनलेला सर्वांत छोटा शंकू कोणता?

ओर्निटो. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ छोटी भट्टी. वाहत्या लाव्ह्यावर साय धरावी तसे कवच धरते आणि खालून प्रवाह चालूच राहतो. कवचाला भोक पडले की वायूच्या दाबाने पातळ लाव्ह्याचे लपके बाहेर उडतात, काठावर पडतात आणि ओले असतानाच एकमेकांना चिकटतात. म्हणून याच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात, उंची बहुधा काही मीटरच. वायूचा जोर जास्त झाला तर मात्र लपके हवेतच थिजतात, सुटे खडे होऊन पडतात आणि साधारण ३० अंश उताराचा ढीग होतो. तो ओर्निटो नव्हे. टांझानियाच्या ओल दोइन्यो लेंगाईच्या विवरात ओर्निटो वारंवार उभे राहतात आणि ढासळतात.

पण ओर्निटोला स्वतःचे मूळ, म्हणजे खोलवरच्या शिलारसापर्यंत जाणारी वाट, नसते; तो प्रवाहावर जगतो. त्यामुळे त्याला स्वतंत्र ज्वालामुखी धरत नाहीत. आमच्या मते ही अट रास्त आहे. नाहीतर प्रत्येक बुडबुडा मोजत बसावे लागेल.

असे मूळ असलेला छोटा उद्रेक हवा असेल तर आइसलँडला चला. ८ सप्टेंबर १९७७ रोजी क्राफ्ला ज्वालामुखीचा शिलारस जमिनीखालच्या भेगेतून दक्षिणेकडे सरकला आणि वाफेसाठी खणलेल्या १,१३८ मीटर खोल विंधन विहिरीत शिरला. विहिरीच्या तोंडातून सुमारे तीन टन बेसाल्टी खडे उडाले. माल एका टेम्पोत मावेल इतकाच, पण आला थेट शिलारसातून.

प्रश्न : सह्याद्री लाव्ह्याचा आहे, तर आपल्याकडे असे शंकू का दिसत नाहीत?

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रामुख्याने लांबच लांब भेगांतून आला. तो इतका पातळ आणि इतका भरपूर होता की साचून शंकू होण्याऐवजी दूरवर पसरत गेला. एखादा छोटा शंकू झाला असला, तरी पुढच्या थरांखाली गाडला जाणार किंवा झिजून जाणार. आणि लोणारचे नाव यात घेऊ नका. ते उल्काघाताचे विवर आहे.