विश्वास पक्का आहे, पण प्रेमच वाटत नाही

"ताई, येशू देवाचा पुत्र आहे, तो मेला, तिसऱ्या दिवशी उठला, सगळं मी मनापासून मानते, पण आईच्या खोलीत जायचं म्हटलं की नको वाटतं, मग मी ख्रिस्ती आहे तरी का?"

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपात बरेच जण घेऊन येतात, कुणाच्या बाबतीत आई असते, कुणाच्या बाबतीत नवरा, भाऊ किंवा मंडळीतलंच कुणीतरी. ही केस तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

संडे स्कूलमध्ये शिकवणारी बाई. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडेच राहायला आलेली. लहानपणापासून या आईने सगळं कौतुक भावाचं केलं, हिच्या वाट्याला टोमणे आले, आणि आता म्हातारपणी सेवा मात्र हिच्याकडे. त्यात योहानाच्या पहिल्या पत्रातलं 4:20 वाचलं, दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही तो न दिसणाऱ्या देवावर कशी करणार, आणि तेव्हापासून रात्र रात्र झोप नाही.

मी पहिल्यांदा बायबलवर बोललेच नाही. झोप किती, जेवण वेळेवर होतं का, मदतीला कोण आहे हे विचारलं. मदतीला कोणीच नव्हतं. ज्या माणसाला महिनोन्महिने नीट झोप नाही त्याला कुणाहीबद्दल काहीही वाटेनासं होतं, त्याला लगेच आध्यात्मिक अपयश म्हणणं मला अजिबात पटत नाही.

मग म्हटलं, काल संध्याकाळचं सांग, जसं घडलं तसं. ती ऑनलाईन बायबल स्टडीला बसली होती, आतून आई हाका मारत होती, हिने हेडफोन घातले, आवाज वाढवला. पाठ कुठला होता? याकोबाचं पत्र, दुसरा अध्याय, कृतींशिवाय विश्वास मेलेला आहे असं सांगणारा. हे सांगतानाच तिचा आवाज फुटला.

त्या अध्यायातलं 19वं वचन मला फार महत्त्वाचं वाटतं. देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात, म्हणजे मान्य करण्याच्या बाबतीत त्यांच्यात काहीच कमी नाही! ती म्हणाली, पण तारण, म्हणजे पापातून सुटका, तर विश्वासानेच ना, कर्मांनी नाही, इफिसकरांस 2:8-9. बरोबर, पण आपण नवव्या वचनालाच थांबतो, दहाव्यात लगेच लिहिलंय की सत्कृत्यं करण्यासाठीच आपल्याला ख्रिस्तात निर्माण केलंय. आणि गलतीकरांस 5:6 मध्ये पौल म्हणतो की प्रेमाच्या द्वारे काम करणारा विश्वास, तोच उपयोगाचा. खुद्द जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, ज्याने 1522 मध्ये याकोबाच्या पत्राला गवताचं, म्हणजे हलक्या मोलाचं पत्र म्हटलं, त्याने त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलं की विश्वास जिवंत असतो, सतत काहीतरी करत असतो. म्हणजे "फक्त मानलं की झालं" हे त्याच्याही मनात नव्हतं.

पण तिचा खरा अडसर वेगळा होता. तिला वाटायचं आधी मनात माया दाटून यायला हवी, मग हात पुढे करायचा, नाहीतर तो ढोंगीपणा. आपल्यातले कितीतरी लोक इथेच अडकतात. 1 करिंथ 13 नीट वाचा, प्रीती सहनशील आहे, दयाळू आहे, चिडत नाही, अपकार लक्षात ठेवत नाही, हे सगळं वागण्याबद्दल आहे, छातीत काय वाटतं याबद्दल तिथे फारसं काही नाही. आणि योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा अजून तिथेच बसलेला आहे, तो उठून जातो 30व्या वचनात. शिष्य पेत्र त्याच रात्री आपल्याला नाकारणार हेही येशूला माहीत आहे. "एकमेकांवर प्रीती करा" ही नवी आज्ञा येते त्यानंतर, 34व्या वचनात, आधी पाणी आणि रुमाल.

मी तिला एकच काम दिलं. रोज थोडा वेळ आईच्या पायाशी बसायचं, नखं कापायची, पाय पुसायचे, वचन वाचायचं नाही, जुने हिशोब काढायचे नाहीत, प्रेम वाटतंय का हेही तपासायचं नाही.

पुढच्या भेटीत आली ती वेगळीच. नखं कापताना आई कळवळली, उजव्या अंगठ्याचं नख मांसात रुतून तिथे पू झाला होता. संध्याकाळी चादर पायाला लागली की ठणका लागायचा, त्या हाका त्याच्यासाठी होत्या, आणि आईला ते धड सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, हाका कमी झाल्या. आईने आभार वगैरे मानले नाहीत हं, उलट एवढे दिवस काय करत होतीस म्हणाली. हिला रागही आला, पण दुसऱ्या दिवशी ती परत बसली. मला विचाराल तर तो दुसरा दिवस मला जास्त मोलाचा वाटतो.

मग भावाचा विषय. तो लांब राहतो, रोज सकाळी वचन पाठवायचा आणि खाली "प्रार्थनेत आहे". याकोब 2:15-16 त्याच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, उघड्या, उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही. मी तिला सांगितलं, त्याच्याशी भांडू नकोस, नेमकं माग. तिने मागितलं, की महिन्यातून एक शनिवार-रविवार तू येऊन आईजवळ राहा. तो कुरकुरला, पण आला, आणि एका रात्रीत त्याला कळलं की आईला किती वेळा उठवून बसवावं लागतं, आता तो मदतनीस बाईचे पैसेही देतो.

तिला आईबद्दल आता माया वाटते का? कधी वाटते, कधी नाही, असं ती म्हणते. झोप मात्र लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण याचा गैरवापर मी पाहिलाय. प्रीती "सर्व काही सहन करते" हे वचन मार खाणाऱ्या माणसाला गप्प बसवायला वापरू नका, कारण त्याच 1 करिंथ 13 मध्ये सहाव्या वचनात प्रीती अन्यायात आनंद मानत नाही असंही आहे. घरात हात उचलला जात असेल तर आधी सुरक्षित जागी जा, विश्वासातल्या माणसाला सांगा, पोलिसांची मदत घ्या. आणि झोप, भूक, जगण्याची इच्छाच कमी होत असेल तर पाळकांशी बोलाच, पण डॉक्टरांकडेही त्याच आठवड्यात जा.